वाचकांचे प्रश्न : टॅनला दिशा कळत नाही, ती आपण सांगायची

या वेळी ठाणे आणि नवी मुंबईकडून आलेले पाच प्रश्न निवडलेत. विचारणारे अगदी वेगवेगळे आहेत, दहावीची मुलगी आहे तसे सोसायटीच्या कमिटीतले काकाही आहेत, पण अडलेत सगळे एकाच जागी. बिंदू माहितीयेत आणि कोन पाहिजे. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आणि इथे फक्त हेच घेतलंय.

प्रश्न : मॅडम, मी अकरावी सायन्सला आहे. क्लासमध्ये गणित होतं, ए(७, ४), बी(३, २), सी(०, ३) या त्रिकोणाचा बी जवळचा कोन काढा. मी दोन्ही बाजूंचे स्लोप काढून फॉर्म्युल्यात टाकले, टॅन थीटा १ आला म्हणजे कोन ४५ अंश. मित्राने ग्राफ पेपरवर त्रिकोण काढून कोनमापकाने मोजला तर १३५ आला. फॉर्म्युला बरोबर आहे, आकडेमोड तीनदा तपासली, मग घोळ कुठे आहे? आणि फॉर्म्युल्यात खाली १ अधिक कुठून येतो हे पण कुणी सांगत नाही, पाठ कर म्हणतात.
— अकरावीचा विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : तुझी आकडेमोड खरंच बरोबर आहे. बीए चा स्लोप, म्हणजे चढ (वरचा फरक भागिले आडवा फरक, रेषेच्या कोनाचा टॅन तोच), २ भागिले ४ म्हणजे १/२, बीसी चा १ भागिले उणे ३ म्हणजे −१/३. वर वजाबाकी केली की १/२ + १/३ = ५/६, खाली १ − १/६ = ५/६, भागाकार १. आणि तरीही त्रिकोणातला कोन १३५ च आहे, मित्र बरोबर आहे. तू जो कोन काढलास तो दोन रेषांमधला आहे आणि प्रश्नात विचारलेला कोन दोन किरणांमधला आहे, सगळा फरक इथे आहे.

रेषा दोन्ही बाजूंना चालूच राहते ना, त्यामुळे दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे चार कोन होतात, इथे दोन ४५ चे आणि दोन १३५ चे. पुस्तकात 'दोन रेषांमधला कोन' म्हणजे लघुकोन असं ठरवून घेतलंय आणि म्हणून त्या फॉर्म्युल्याला बाहेरून मॉड्युलसच्या उभ्या दांड्या असतात, उत्तर ऋण आलं तरी धन करून टाकायचं, की लघुकोनच मिळतो. पण त्रिकोणात तू बी वर उभा आहेस आणि एकदा ए कडे बघतोयस, एकदा सी कडे. ही जी बघायची दिशा आहे ती स्लोपमध्ये शिल्लकच राहत नाही. करून बघ, बी कडून सी कडे जाताना स्लोप −१/३ आणि सी कडून बी कडे येताना (२−३) भागिले (३−०), म्हणजे परत −१/३. जाणं आणि येणं टॅनच्या लेखी सारखंच कारण टॅनची किंमत दर १८० अंशांनी तीच परत येते.

मग करायचं काय, तर दिशा आपण स्वतः सांभाळायची. बी ला केंद्र मान आणि एक्स अक्षाच्या धन बाजूपासून, घड्याळाच्या काट्याच्या उलट, प्रत्येक किरण किती अंशांवर आहे ते काढ. ए हा बी पासून उजवीकडे ४ आणि वर २, टॅन इन्व्हर्स १/२, म्हणजे ज्याचा टॅन १/२ आहे तो कोन, २६.५७ अंश, इथे काही प्रश्नच नाही. सी हा बी पासून डावीकडे ३ आणि वर १. कॅल्क्युलेटरला −१/३ दिलं की तो −१८.४३ सांगतो, म्हणजे तो उजवीकडे खाली बघतोय, आपल्याला जायचंय डावीकडे वर. म्हणून १८० मिळवायचे, १६१.५७. आता वजाबाकी कर, १६१.५७ − २६.५७ = १३५. कोन म्हणजे दोन दिशांची वजाबाकी, एवढं एकच डोक्यात ठेवलंस तरी पुष्कळ गणितं सुटतील. फक्त वजाबाकी १८० च्या वर गेली तर ती ३६० मधून वजा करायची, त्रिकोणाचा आतला कोन तो असतो.

आणि तुझा १ अधिक याच वजाबाकीतून आलाय. एका किरणाचा कोन अल्फा, दुसऱ्याचा बीटा, आपल्याला पाहिजे अल्फा वजा बीटा. त्याचा टॅन घेतला की तुमच्याच पुस्तकातलं सूत्र लागतं, वर टॅन अल्फा वजा टॅन बीटा आणि खाली १ अधिक टॅन अल्फा गुणिले टॅन बीटा. टॅन अल्फा म्हणजे पहिला स्लोप, टॅन बीटा म्हणजे दुसरा. झालं, फॉर्म्युला तयार. दोन स्लोपचा गुणाकार −१ आला की खालचा भाग शून्य होतो, शून्याने भागता येत नाही, टॅनला किंमत नसते फक्त ९० अंशाला, म्हणून रेषा लंब. हेही मुलं वेगळं पाठ करतात आणि मला फार वाईट वाटतं कारण ही एकाच ओळीतली गोष्ट आहे, त्रिकोणमितीचं प्रकरण आणि सरळ रेषेचं प्रकरण वेगवेगळ्या महिन्यात शिकवलं जातं म्हणून ते दोन विषय वाटायला लागतात.

परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो आणि कोनमापक लावून उत्तर लिहिता येत नाही, तर लघुकोन की विशालकोन हे ओळखायला बाजूंचे वर्ग कर. एबी चा वर्ग १६ + ४ = २०, बीसी चा ९ + १ = १०, एसी चा ४९ + १ = ५०. बी समोरची बाजू एसी, तिचा वर्ग ५०, बाकी दोघांची बेरीज ३० च. एसी चा वर्गही ३० असता तर काटकोन, कमी असता तर लघुकोन, इथे जास्त आहे म्हणजे विशालकोन. पायथागोरसच्या प्रकरणात दहावीला हे येऊन गेलंय. याच्याच पुढची पायरी कोसाइन रूल, कॉस बी = (२० + १० − ५०) भागिले २ गुणिले √२० गुणिले √१०, सोडवलं की −१/√२ येतं आणि कोन थेट १३५. कोन शून्य ते १८० मध्ये असेल तर कॉस कधीच फसवत नाही, लघुकोनाला धन आणि विशालकोनाला ऋण, त्यामुळे त्रिकोणाचा कोन विचारला असेल तर मला स्वतःला कॉसच जास्त भरवशाचा वाटतो. फिजिक्समधला डॉट प्रॉडक्ट वापरलास तरी तेच, (४)(−३) + (२)(१) = −१०, त्याला दोन लांबींच्या गुणाकाराने म्हणजे १०√२ ने भाग, परत −१/√२. त्यातलं −१० दिसलं तिथेच कळतं की कोन ९० च्या पुढे आहे.

उरलेले दोन कोन पण काढ, ए जवळ टॅन १/३ येईल आणि सी जवळ १/२, म्हणजे १८.४३ आणि २६.५७. त्यांची बेरीज बरोब्बर ४५. तुझं ४५ धरलं असतं तर तीन कोनांची बेरीज ९० झाली असती. आणि मित्राला सांग की आधी आकृती काढायची त्याची सवय खूप चांगली आहे, ती त्याने अजिबात सोडू नये.

प्रश्न : आमच्या इमारतीत लिफ्टपर्यंत पोचायला तीन पायऱ्या चढाव्या लागतात, एकूण उंची ४५ सेंटीमीटर. व्हीलचेअरसाठी रॅम्प करायचा ठरलंय. ठेकेदार म्हणतो ३ मीटर लांब रॅम्प पुरेल. मी एकास बारा या प्रमाणाबद्दल वाचलं होतं, ते ८.३३ होतं. त्याने मोबाईल जुन्या एका रॅम्पवर ठेवून साडेआठ दाखवला आणि म्हणाला बघा काका, ८.३३ आणि साडेआठ, कितीसा फरक आहे. मला काहीतरी खटकतंय पण काय ते सांगता येत नाही.
— सोसायटी कमिटी सदस्य, नौपाडा, ठाणे

उत्तर : तुम्हाला खटकलं ते अगदी योग्य खटकलं, काका, आणि काम सुरू व्हायच्या आत विचारलंत हे फार बरं झालं. ८.३३ हे टक्के आहेत आणि मोबाईलवर दिसणारे साडेआठ हे अंश आहेत, दोन्ही आकडे जवळ दिसतात एवढंच.

रॅम्पची खालची कड (०, ०) धरा आणि वरची कड (३००, ४५), सेंटीमीटरमध्ये. चढ म्हणजे ४५ भागिले ३००, ०.१५, म्हणजे १५ टक्के. टॅन इन्व्हर्स ०.१५ केलं की ८.५३ अंश. आता एकास बारा घ्या, म्हणजे १ उंचीला १२ आडवं, १ भागिले १२ म्हणजे ०.०८३३, हेच ते ८.३३ टक्के, आणि त्याचा कोन होतो फक्त ४.७६ अंश. म्हणजे ठेकेदाराचा रॅम्प जवळजवळ दुप्पट चढाचा आहे. मोबाईलवर तुम्हाला ४.८ च्या आसपास आकडा दिसायला पाहिजे, साडेआठ नाही.

हा फरक हाताला कसा जाणवेल तेही सांगते. माणूस आणि खुर्ची मिळून वजन १०० किलो धरलं तर चढावर नुसतं धरून ठेवायला लागणारा जोर वजन गुणिले साइन थीटा. ४.७६ अंशाला तो साधारण ८ किलो वजन पेलण्याइतका, ८.५३ अंशाला साधारण १५ किलो. स्वतःच्या हाताने चाक फिरवणाऱ्या माणसाला किंवा आजोबांना ढकलत नेणाऱ्या आजींना हे जमणार नाही, आणि उतरताना तर खुर्ची हातातून सुटायची भीती. म्हणून इथे तडजोड करू नका.

४५ सेंटीमीटर गुणिले १२ म्हणजे ५४० सेंटीमीटर, जमिनीवर आडवी ५.४ मीटर जागा लागेल. ही आडवी लांबी आहे बरं का, तिरकी लादी ५४२ सेंटीमीटरच्या आसपास येईल, एवढ्या कमी चढाला तिरक्यात आणि आडव्यात दोन सेंटीमीटरचाच फरक पडतो. समोर सरळ ५.४ मीटर नसतील, जुन्या इमारतींत बहुतेक नसतातच, तर रॅम्प भिंतीच्या कडेने वळवा, वळणावर खुर्ची आरामात फिरेल एवढं सपाट लँडिंग ठेवा आणि दोन्ही बाजूंना धरायला रेलिंग. लँडिंगची लांबी त्या ५.४ मध्ये मोजायची नाही, ती वेगळी. आणि कोटेशनवर 'एकास बारा' असं अक्षरात लिहून घ्या, नुसतं ८.३३ नको.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. ग्राफ पेपरच्या चौकटींच्या कोपऱ्यांवरच तिन्ही बिंदू येतील असा समभुज त्रिकोण काढायचा तिने ध्यास घेतलाय. (०, ०), (८, ०), (४, ७) घेतला, जवळ आला पण बाजू एकदम सारख्या नाही आल्या. शाळेत सांगितलं असा त्रिकोण मिळत नाही, पण का ते नाही सांगितलं आणि ती काही ऐकत नाहीये, अजून मोठा कागद द्या म्हणते. खरंच मिळणार नाही का?
— एक आई, खारघर

उत्तर : खरंच मिळणार नाही, कितीही मोठा कागद घेतला तरी नाही. पण ताई, तिला थांबवू नका हं, नववीत एखाद्या मुलीला असा प्रश्न स्वतःहून पडणं आणि ती त्याला चिकटून राहणं हे दहा सोडवलेल्या गणितांपेक्षा मोलाचं आहे, आणि याचं कारण इतकं सुंदर आहे की तिला ते समजावून सांगितलंच पाहिजे.

बिंदू जर चौकटीच्या कोपऱ्यांवर असतील तर त्यांचे निर्देशक पूर्णांक. पूर्णांक वजा पूर्णांक म्हणजे पूर्णांक, आणि त्याला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक (पूर्णांक आला तरी तो छेदात १ असलेला अपूर्णांकच धरायचा). म्हणजे अशा त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूचा चढ एक अपूर्णांक असणार, २/३, −५/७, काहीतरी तसलं. आता वर ऐरोलीच्या मुलाला सांगितलेलं सूत्र बघा, त्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार एवढंच आहे. अपूर्णांकांवर हे काहीही केलं तरी उत्तर अपूर्णांकच येतं, नाहीतर खाली शून्य येऊन काटकोन होतो. म्हणजे ग्राफच्या कोपऱ्यांवर बसणाऱ्या कुठल्याही कोनाचा टॅन हा अपूर्णांकच. आणि समभुज त्रिकोणाला लागतो ६० अंशांचा कोन, त्याचा टॅन √३. √३ अपरिमेय आहे, तो कुठल्याच अपूर्णांकात बसत नाही. संपलं.

ती हुशार आहे तर विचारेल की एखादी बाजू उभीच असली तर, तिचा चढच नसतो. बरोबर शंका आहे. पण एका त्रिकोणात दोन बाजू एकदम उभ्या असू शकत नाहीत, म्हणून उरलेल्या दोन बाजू घ्यायच्या, त्यांच्यामध्ये पण ६० च पाहिजेत ना, मग तोच युक्तिवाद तिथे लावायचा.

तिचा (४, ७) वाला त्रिकोण छान आहे. पायाजवळचा कोन ६०.२६ अंश, तिरक्या बाजू √६५ म्हणजे ८.०६ आणि पाया ८. मोठा कागद दिलात तर तिला (०, ०), (३०, ०), (१५, २६) करून बघायला सांगा, कोन ६०.०२ अंश येतो, बाजू ३०.०२ आणि ३०, कोनमापकाला तो फरक दिसणारसुद्धा नाही. मोठ्या कागदावर आणखी जवळ जाता येतं, पण बरोब्बर ६० कधीच नाही. ४५ मात्र लगेच मिळतो, (०, ०), (१, ०), (१, १), कारण टॅन ४५ म्हणजे १.

आणि तिच्यासाठी एक खाऊ. कागद सोडून हवेत गेलं तर असा त्रिकोण मिळतो! (१, ०, ०), (०, १, ०) आणि (०, ०, १) असे तीन बिंदू घ्या, तिन्ही अंतरं √२. घनाकृती खोका घेऊन एका कोपऱ्याच्या शेजारचे तीन कोपरे दोऱ्याने जोडायला सांगा, समभुज त्रिकोण समोर दिसेल.

प्रश्न : कॉलेज प्रोजेक्टसाठी दोन स्टेशनच्या अक्षांश-रेखांशावरून दिशा काढायचीये. ठाणे साधारण १९.१९, ७२.९८ आणि बेलापूर १९.०२, ७३.०४ घेतले. टॅन इन्व्हर्स लावला तर ठाण्याहून बेलापूरला −७०.६ अंश आणि बेलापूरहून ठाण्याला पण −७०.६. दोन्हीकडे सारखं कसं? एक्सेलमध्ये तर तिसरंच काहीतरी येतंय.
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नेरुळ

उत्तर : पहिल्या प्रश्नातलंच दुखणं आहे, भागाकार केल्याक्षणी उणे चिन्ह वर होतं की खाली ही माहिती जाते. बेलापूरला जाताना उत्तर-दक्षिण फरक −०.१७ आणि पूर्व-पश्चिम +०.०६, परत येताना चिन्हं उलटी, भागाकार तोच. म्हणून प्रोग्रॅमिंगमध्ये ए-टॅन-टू हे वेगळं फंक्शन आहे, ते दोन्ही फरक वेगवेगळे घेतं, चिन्हं बघून कुठल्या चरणात आहोत ते ठरवतं आणि उणे १८० पासून १८० पर्यंत उत्तर देतं, फक्त रेडियनमध्ये, तेव्हा अंशात बदलून घे.

एक्सेलचा घोळ बहुतेक इथे आहे. पायथॉन आणि सी मध्ये आधी वाय द्यायचा मग एक्स, एक्सेलमध्ये आधी एक्स मग वाय. तसाच कॉपी केलास तर चुकीच्या जागी जाशील.

अजून एक गोष्ट तुझ्याकडून राहिलीये. रेखांशाचा एक अंश आणि अक्षांशाचा एक अंश जमिनीवर सारखे नसतात. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटर, रेखांशाचा विषुववृत्तावर तेवढाच पण वर जावं तसा कमी होतो, तो कॉस अक्षांशाने गुणायचा. आपल्याकडे कॉस १९.१ म्हणजे ०.९४५, म्हणून साधारण १०५ किलोमीटर. तर पूर्वेकडचा फरक ६.३ किलोमीटर आणि दक्षिणेकडचा १८.९, ए-टॅन-टू ने −७१.६ अंश, परतीला १०८.४. होकायंत्रावर दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याने मोजतात त्यामुळे ९० मधून हे वजा कर, उत्तर ऋण आलं तर ३६० मिळव, जाताना १६२ च्या आसपास म्हणजे दक्षिणेच्या किंचित पूर्वेला, येताना ३४२. दोघांत १८० चा फरक आला, म्हणजे बरोबर. बाकी दोनच दशांश स्थळं घेतलीस तर उत्तर काही अंश इकडेतिकडे होऊ शकतं, प्रोजेक्टमध्ये चार तरी स्थळं घे.

प्रश्न : मॅडम, उभ्या रेषेचा चढ शून्य लिहिला तर मार्क का कापले?
— दहावीची विद्यार्थिनी, कळवा

उत्तर : कारण शून्य चढ आडव्या रेषेचा असतो, टॅन ० म्हणजे ०. उभ्या रेषेवर दोन बिंदूंचे एक्स सारखे असतात, छेदात शून्य येतो, आणि तिचा कोन ९० अंश, टॅन ९० ला किंमतच नाही. तिथे 'चढ निश्चित करता येत नाही' असं लिहायचं. कोन विचारला असेल तर बिनधास्त ९० लिही, चढ नाही म्हणून कोन नाही असं समजू नकोस.